साडेतीन तास पुढं

सुप्रभा मोबाईलमध्ये बोटं मोडून सांगते :
अण्णा, सहा वर्षं प्राथमिक, तीन मधली शाळा, तीन हायस्कूल,
मग चार युनिव्हर्सिटीची,
नाहीतर दोनच, हातातल्या कामाची.
पोरग्याला मधेच दीड-दोन वर्षं लष्कर.
मी म्हणतो, आमच्या ड्रॉइंगवर याहून जास्त मापं असतात.
ती हसत नाही.

तिच्या घरमालकिणीचा मिन्जे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला.
शाळा सुटली की क्लास.
सोलमध्ये रात्री दहाला क्लासचं शटर पाडायचा नियमच आहे म्हणे,
म्हणून दहानंतर अभ्यासिका.
झोप बसमध्ये, उभ्यानं.
सगळं एका गुरुवारसाठी, नोव्हेंबरातल्या.
निकाल नऊ पायऱ्यांचा, एकपासून नऊपर्यंत.

मी उद्यमनगरात एकतीस वर्षं गेज लावतोय.
शाफ्ट बसला तर पास,
नाही बसला तर लाल ठिपका, आणि ढिगात.
ढीग शिरोलीला जातो, भट्टीत, परत वितळायला.
तिकडंही तसंच, ती सांगते :
परत एक वर्ष. कुणी तिसऱ्यांदासुद्धा.
पण गेजही झिजतो. आम्ही तो वर्षातनं एकदा तपासायला पाठवतो.
त्यांचा कोण तपासतं,
हे विचारायचं राहिलंच.

मालकीणबाई शंभर दिवस देवळात वाकतेय.
शेवाळाचं सूप घरात बंद, बुळबुळीत, पोरगं निसटेल.
उलट चिकट वड्या चघळायला देतात,
जागा चिकटून राहावी म्हणून.
हे ऐकून आमच्या घरात गुळाची ढेप फुटली.
पार्सलचं बिल गुळाच्या वीसपट.

इंग्रजी ऐकायच्या पेपराला विमानं उतरू देत नाहीत.
वरच घिरट्या घालतात, पेपर होईस्तोवर.
सुप्रभाच्या बारावीला, फिजिक्सला,
केंद्राच्या भिंतीला लागून कुणाच्या तरी हळदीचा बँजो होता.
मी जाऊन हात जोडले.
त्यांनी आवाज वाढवला.

आज गुरुवार.
तिकडं एक वाजून पाच,
इकडं नऊ पस्तीस.
मी लेथ बंद केला. दस्तगीरला खूण केली, त्यानं कॉम्प्रेसर.
शेडमध्ये एवढी शांतता
की पत्र्यावरचा कावळा चालताना ऐकू आला.

मालक केबिनमधनं ओरडले, लाईट गेली काय?
नाही म्हटलं, एका पोराचा पेपर चालू आहे.
कुठल्या सेंटरला?