फेरीत चिकटवलेली पत्रिका

पणजीच्या मळ्यात, छापखान्याच्या काउंटरवर
लोटलीकरांनी नमुने पसरले.
हत्तीची, मोराची,
उघडली की सनई वाजणारी एक,
एक इतकी जाड की मी म्हटले,
हिच्यावरच पान वाढा, केळीची पाने वाचतील.
गौतमी हसली नाही.
तिने एक कागद गालाला लावून पाहिला.
“पपा, हा कापसाचा आहे.”
मला कागदातले कळते ते एवढेच,
भिजला तर किती वेळ टिकतो.

एकतीस वर्षे मी रायबंदर-चोडण फेरी चालवली.
मांडवी आडवी कापली, उभी कधीच नाही.

पहिली पत्रिका देवाला, नारळासोबत, माशेलला.
आमचा देवकीकृष्णही मूळचा चोडणचा,
कुठल्या तरी वाईट वर्षी पाणी ओलांडून आलेला.
भटजी गाऱ्हाणे घालत होते
आणि मी हिशेब करत होतो
त्या रात्री भरती असेल की ओहोटी.

मग येणाऱ्यांच्या हातात काय द्यायचे, यावर आठ दिवस.
ही म्हणाली, झाकणाचा स्टीलचा डबा.
मडगावच्या व्याह्यांचे मत काजू, सोनेरी जाळीत.
गौतमीला हवी होती काचेतली मेणबत्ती,
गवती चहाच्या वासाची.
मी म्हटले, वास घेऊन माणूस घरी जाणार, मग?
शेवटी ठरली करवंटीची डवली,
बांबूच्या दांडीला लाल रिबन.
डिचोलीचा एक जण करतो. साडेतीनशे.
माझ्या आईने जन्मभर तसल्याच डवलीने पेज ढवळली.
तिच्या डवलीला दोरी होती, खुंटीला अडकवायला.

रात्री पाकिटांवर नावे घालायला बसलो.
नातेवाईक झाले, खात्यातले झाले,
ज्यांच्याशी बोलणे नाही तेही झाले.
मग पेन थांबले.

सकाळच्या पहिल्या फेरीचा पदेर, सायकलला पावांची टोपली.
निळ्या छत्रीची बाई,
आधी पोटात, मग कडेवर, मग दप्तरासकट
तोच एक मुलगा नेणारी.
फळी टेकायच्या आत स्कूटर सुरू करणारा तो,
ज्याला मी रोज एक शिवी दिली
आणि जो चार दिवस दिसला नाही तेव्हा
जेवण गेले नाही.
वरच्या केबिनमधून मला माणसे दिसली ती टाळूकडून.
कुणाचे टक्कल कुठून सुरू झाले ते सांगतो.
टाळूला पत्ता नसतो.

सकाळी एक पत्रिका घेतली, चिकटपट्टी घेतली,
फेरीत शिरलो,
जीवरक्षक जाकिटांच्या पेटीवर ती लावली.
केबिनमधल्या नव्या पोराने
नदीकडे बघितल्यासारखे केले.
मी खाली उभा राहिलो, गर्दीत, पहिल्यांदाच.
इथे डिझेलचा वास जास्त येतो.

स्कूटरवाला ओठ हलवत वाचू लागला.
“वामन पुनो खांडोळकर? कोण रे हो?”
कोणी मान हलवली, कोणी नुसते पाहिले.
निळी छत्री म्हणाली, कागद मात्र बरा आहे.
मी दोन हातांवर होतो.

बरोबरच होते त्यांचे.
त्यांना माझा भोंगा ठाऊक,
माझे नाव मी तरी कधी वाजवले?
पेन काढून नावाखाली लिहिले:
फेरीवालो.
कापसाचा कागद. शाई थोडी पसरली.

काल केटरिंगवाला विचारत होता,
नक्की आकडा सांगा, किती पाने?
तोंडातून सवयीने गेले,
आठ चारचाकी, बाकी उभे.
ही कपाळाला हात लावून आत गेली.
गौतमीने काही न बोलता डिचोलीला फोन केला,
दीडशे डवल्या वाढवल्या.
त्या आज आल्या, पोत्यातून.
रिबन संपली म्हणे.
दांडीला भोक आहे, दोरी ओवता येईल.