मूळ कारण

चाकणला, पेंटशॉपच्या शेवटच्या टोकाला
आठ तास उभा असतो मी ट्यूबलाइटांच्या रांगेखाली.
दार, बॉनेट, डिकी, पुन्हा दार.
धुळीचा कण, रंगाचा ओघळ, सुईच्या टोकाएवढी पुळी
बोटांना आधी कळते, डोळ्यांना मागून.
सापडली की लाल बाण चिकटवायचा
आणि रजिस्टरात भरायचं : दोष, जागा, मूळ कारण.
शेवटचा रकाना रिकामा दिसला
की पाटणकर साहेब पान परत पाठवतात.

तिसऱ्या दिवशी, रास्ता पेठेतल्या दवाखान्यात
दुपटं उलगडलं
तर पोरीच्या पोटावर लाल चट्टे,
प्रत्येकाच्या मधोमध पिवळट दाणा, राजगिऱ्याएवढा.
मी मोजले. अकरा.
शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या,
उष्णता आहे पोटातली, पडू दे बाहेर.
फोनवर सासूबाई :
सातव्यात वांगं खाल्लं होतंस का गं?
टाक्यांनी वाकलेली कालिंदी
खरंच आठवत बसली, कुठलं वांगं, कधी.

डॉक्टर बाई आल्या, चष्मा कपाळावर.
दोन बोटांनी कातडी ताणली, सोडली.
लाली पळाली, परत आली.
मुठी उकलून दाखवल्या : तळहातावर नाही.
तळव्यांवरही नाही. म्हणजे तेच.
पुष्कळ बाळांना येतं, आपलं आपण जातं.
तेल नको, पावडर नको, हळद तर नकोच.
पण कशानं येतं?
ते नीटसं कुणालाच माहीत नाही,
म्हणाल्या, आणि पुढच्या पाळण्याकडे वळल्या.

रात्री मोबाइलच्या उजेडात पुन्हा पाहिलं.
पाठ केलेल्या जागा कोऱ्या,
आणि खांद्यामागे दोन नवे, न विचारता.
खाली पॉवर हाऊस चौकात
कुणीतरी रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून भांडत होतं.
पॉलिश पेपरने खरखरीत झालेलं माझं बोट
तिच्या पोटाच्या वीतभर वरच थांबलं.
कालिंदी जागीच होती.
म्हटलं, वांग्याचा काही संबंध नाही.
माहितीये मला, म्हणाली.
मग बऱ्याच वेळाने, अंधारात :
नक्की ना?

दहाव्या दिवशी ड्युटीवर.
पांढऱ्या दारावर एक कण. बाण लावला.
दोष लिहिला, जागा लिहिली,
आणि शेवटच्या रकान्यावर पेन तसंच राहिलं,
तिचं पोट आता नुसतं पोट होतं, स्वच्छ,
आणि मी सकाळी आंघोळ घालताना
चट्टे शोधत होतो.
पाटणकर साहेब काचेमागून बघत होते.
लिहिलं : धूळ.