तर

डॉक्टर मिस्त्री बाईंची सगळी वाक्यं
'जर'ने सुरू व्हायची.
जर उपाशी झोपली,
जर तापात दोन वेळा जेवली नाही,
जर औषध चुकलं,
तर…
इथे बाई थांबायच्या
आणि टेबलावरचं पेन सरळ करायच्या.

मी तर चालवतो.
वेसाव्याहून मढ, मढहून वेसावे,
पाच मिनिटांचं पाणी.
माणसं, दुचाक्या, कोंबड्यांची खुराडी,
एकदा एक नवरी, शालू गुडघ्यापर्यंत उचलून.

बाईंनी केसपेपरच्या पाठीवर गोल काढला.
ही पेशीतली भट्टी.
हा अलीकडे पडलेला तेला-तुपाचा माल.
मधे खाडी.
माल आपणहून पोहत नाही.
कार्निटिन त्याला पलीकडे नेतं,
रिकामं परततं, पुन्हा नेतं.
मी म्हटलं, तिकीट किती?
अकरा दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या.

इतरांचं अंग ते घरच्या घरी बांधतं,
थोडं मटणातून येतं, थोडं दुधातून.
कृपालीच्या अंगात येतं ते टिकत नाही,
लघवीवाटे गळून जातं.
तळाला भोक.
चार वर्षांची पोर,
आणि फोटोत हृदय नारळाएवढं.

त्या रात्री बायकोने एकवीरेला सांगितलं,
कबूल केलेले सगळे उपास माझ्या नावावर लाव,
हिच्या नावावर एकसुद्धा नको.

मग सिरप, दिवसातून तीनदा.
झोपताना वाटीभर पेज.

शाळेतून चिठ्ठी आली,
मुलीच्या अंगाला मासळीचा वास येतो,
रोज आंघोळ घालावी.
बायको पेटली. थेट वर्गात जायला निघाली.
बाई फोनवर म्हणाल्या, थांबा,
तो औषधाचाच वास, डोस बघू.
आम्हाला घरात कुणालाच कळलं नव्हतं.
दारात बोंबील वाळत असताना
कसं कळणार?
मी तिच्या केसांत नाक खुपसलं.
माझ्या हातांचाच वास.

पुतण्याने जिममधून डबा आणला,
तेच नाव, साडेतीन हजार, चरबी जाळतो म्हणे.
बाईंना विचारलं.
धडधाकट माणसाकडे होड्या पुरेशा असतात, म्हणाल्या,
धक्क्यावर आणखी बांधून
माल का जास्त जाणार आहे?
पुतण्या अजून पितो. पोट तसंच आहे.

आता कृपाली इंजिनाच्या पेटीवर बसते,
दुचाक्या मोजते, चुकते, पुन्हा मोजते.
परवाच्या तपासणीत हृदय
बरंचसं जागेवर आलं होतं.
बरंचसं, बाई म्हणाल्या. पेन सरळ केलं नाही.

काल विचारलं तिने,
माझ्या आतली होडी रिकामी परत येते?
मग परवडतं कसं?

मढहून शेवटची फेरी
मीसुद्धा बहुतेक एकटाच आणतो.
मागे बेटावरचे दिवे,
डिझेलचा धूर, पायाखाली थरथर,
आणि मधल्या पाण्यात
खिशातला फोन वाजतो:
नऊचा चमचा.