सुहिनबाईचे बारा

रात्रपाळी. बीट क्रमांक तीन, माझगाव.
फोनवर तक्रार: चिनी देवळाखाली माणसं जमलीत,
हातात फटाक्यांची माळ.
तक्रारदाराने नाव सांगितलं नाही. सांगत नाहीतच.

पोचलो तेव्हा अकरा दहा.
जिना इतका उभा, छत इतकं खाली
की टोपी काढून वाकावंच लागतं.
वर पोचेपर्यंत पोलीससुद्धा
दर्शनाला आल्यासारखा दिसतो.

उदबत्त्या. संत्र्यांची रास. झाकून ठेवलेला मासा.
आणि फाँग सुईहिन, वय एक्क्याऐंशी,
जिला गल्ली सुहिनबाई म्हणते,
चाळीस वर्षं बायकांचे केस कापले,
मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ.
मी कंधारकडचा. माझा 'ण' अजून 'न'च आहे.

"बाई, दहानंतर फटाके नाहीत."
"ठाऊक आहे. म्हणून तर नुसते धरून उभे आहोत."

पुतण्या मधे पडला. केल्विन, दातांचा डॉक्टर.
"साहेब, संध्याकाळपासून सांगतोय हिला,
आमच्या गावचं घड्याळ अडीच तास पुढे.
तिकडे बारा, तेव्हा इथे साडेनऊ.
साडेनऊला वाजवले असते
तर कायद्यातही बसलं असतं, रीतीतही."

मला पटलं. रीत आणि कलम
एका बाकावर बसलेली मी फारशी पाहिलेली नाहीत.

"कुठलं गाव?" ती म्हणाली.
"बापाने ते सोडलं नवव्या वर्षी. मी पाहिलंच नाही.
मला काढलं डॉकयार्ड रोडच्या सुइणीने.
आमचे बारा इथेच वाजले, हवालदार."
आणि हसली. म्हणजे अर्थ दोन्ही माहीत होते.

मग विचारल्याशिवाय सांगू लागली:
"तुमच्याच ठाण्यात. बासष्ट साल.
बापाला दर शनिवारी हजेरी.
बरोबर शिक्का न्यायचा, हिरव्या दगडाचा, बोटाएवढा,
आजोबांनी नाव कोरलेला. आमच्यात सही म्हणजे तोच.
कारकून म्हणाला, शिक्का चालत नाही, अंगठा लावा.
दोन हजार अक्षरं येणारा माणूस
पाच वर्षं, दर शनिवारी, अंगठाछाप.
घरी येऊन जेवायला बसला
की काड्यांना शाई लागायची.

त्याने ऐकलं. मीही ऐकते.
पण साडेनऊला इथे जुनंच साल असतं.
त्यालाच घाबरवून काय मिळवू?"

मी मोबाइलवर परिपत्रक उघडलं.
सवलतीचे दिवस. एकतीस डिसेंबर आहे,
त्याला बाराची मुभाही आहे.
तिची अमावास्या नाही.
तरी बोट वर-खाली फिरवत राहिलो,
जणू शोधलं तर उगवेल.

देवाच्या डाव्या हाताला खिळा.
त्यावर मागच्या दोन वर्षांच्या माळा,
न फुटलेल्या, लालाचा गुलाबी झालेल्या.
"दमट झाल्यात," ती म्हणाली.
"आता परवानगी दिलीत
तरी वाजायच्या नाहीत."

बारा वाजले.
एकतीसला गोदीतली जहाजं भोंगे देतात,
आज एकही बोललं नाही.
तिने माळ उचलली, कानाजवळ नेली,
हलवली.
आत दारू सरकल्याचा आवाज,
तांदूळ निवडताना येतो तेवढा.
लहान मुलं ऐकायला पुढे झाली.
मीही एक पायरी चढलो, खोटं कशाला बोलू.

नंतर तिसरी माळ खिळ्यावर.
निघताना माझ्या हातात संत्रं.
नको म्हणायचं असतं, नियम आहे.

ठाण्यात डायरी लिहिली:
००.४० वाजता परत. जमाव शांत.
कोणताही आवाज नाही. समज देऊन सोडले.
समज कोणी कोणाला, असा रकाना नसतो.
समोर भिंतीवर कॅलेंडर,
आजच्या चौकोनात बारीक अक्षरांत
मौनी अमावास्या.

टोपी टेबलावर ठेवली.
संत्रं सोललं.
साल एका तुकड्यात निघाली.