एसी बंद करा

अल खुवैरच्या दुकानात बिनोय दार असं लावतो
की बाहेरचा हायवे एकदम मिटतो.
"सर, फक्त ऐका. किंमत नंतर."
किंमत मी आत शिरतानाच वाचली आहे.
तेवढ्यात चिपळूणला दोन खोल्या झाल्या असत्या,
निदान मागल्या दिवाळीपर्यंत.

सहा जोड्या. अक्रोडी, काळ्या, एक हस्तिदंती,
आणि एक नुसतीच उंच, सडपातळ,
बसा म्हणायला विसरलेल्या पाहुण्यांसारखी उभी.
बिनोय पियानो लावतो, मग झांजा,
मग कुठल्याशा बाईचा श्वास.
"ट्विटर बघा सर. रेशीम."
मी मान डोलावतो.
मला रेशीम ऐकू येत नाही.

चोवीस वर्षं मी समुद्राचं पाणी गोड केलं.
पंपांच्या घरात, कानांत पिवळे बोळे,
कधी ते काढूनही,
कारण फोरमन काय ओरडतोय ते कळायला हवं.
मीठ वेगळं करता करता
वरचे सूरही गेले गाळणीतून.
डॉक्टरच्या कागदावर माझी रेघ
सपाट चालत येते
आणि कड्यावरून पाय सुटावा तशी खाली.
हे बिनोयला सांगायचं नाही.
घासाघीस करताना दुखरी बाजू दाखवत नाहीत.

कुमुद शेजारी, मांडीवर पर्स धरून,
दाताच्या दवाखान्यात बसावं तशी.

मग मी खिशातून माझं गाणं काढतो.
रुवीतली आमची जुनी खोली, जून महिना,
सतरंजीवर पंचवीस माणसं, बाहेर त्रेचाळीस अंश.
गाणारा टेंगशे, सिमेंट कंपनीत हिशेबनीस,
दिवसभर रियाल-बैसा, रात्री बागेश्री.
टेप सुरू होताच कुणीतरी म्हणतं,
"एसी बंद करा."

पहिल्या जोडीवर टेंगशे ऑफिसातून गातो.
दुसरीवर त्याला पोट सुटलंय.
हस्तिदंतीवर देखणा होतो,
आणि टेंगशे देखणा नव्हता हो,
काहीही होता, देखणा नव्हता.

उंच जोडीवर
एसी लगेच थांबत नाही.
आतलं पातं तीन-चारदा फिरतं, खडखडतं, पडून राहतं.
पत्र्यावर एक थेंब.
मग ती खोली.
गाणं नाही अजून, नुसती खोली,
उकाडा धरून बसलेली,
आणि टेंगशे खिडकीशी, जरा डावीकडे,
जिथे तो बसला होता, तिथेच.
घसा साफ करतो.
सहा वर्षं झाली त्याला जाऊन.

"थांबवा," कुमुद म्हणते. "मागे घ्या जरा."
बिनोय मागे घेतो.
"ऐकलंत? बांगड्या."
मला नाही.
"काचेच्याच. सोनं नंतर घेतलं.
मी आत कोकमचं सरबत ढवळतेय."

मग बिनोयकडे वळून, हिंदीत,
दुधाचा हिशेब सांगावा तशा आवाजात:
"भैया, इनके सब प्रोग्राम मैंने किचनसे सुने."

बिनोय हसावं की नाही ते ठरवतो.
मी ती तार न्याहाळत बसतो,
जाड, विणीची, मीटरला अठरा रियाल,
आणि विचारतो, हप्ते किती?

गुरुवारी दोन पोरं खोकी वर आणतात.
लिफ्टमध्ये उंच जोडी तिरकी मावते.
बिनोय टेपने जमीन मोजतो,
भिंतीपासून साठ सेंटिमीटर, किंचित आत वळवलेले,
आणि मधोमध एक खुर्ची ठेवतो.
"स्वीट स्पॉट, सर. इथे एकालाच बसता येतं."

मी किल्ल्या ठेवून येईपर्यंत
कुमुद तिथे बसलेली असते,
पाय वर घेऊन.
मागे न बघताच म्हणते,
"एसी."