जर्मनची डोंगी

लिलावात घेतली, भंगाराच्या भावात, किलोवर,
जशी बोहारीण जुनी पातेली मोजते.
गोदामामागे बारा वर्षं पालथी पडलेली,
बुडाला पोचे, कडेला सुगरणीचं सुकलेलं घरटं.
ठेल्यावरून टिमकीच्या गल्लीत शिरली तेव्हा
पोट्टे ओरडले, ‘बे, विमानाचं शेपूट आणलं!’

आमचे हे तीस वर्षं बसच्या बॉड्या ठोकत होते.
कान कारखान्यातच राहिले,
हात तेवढे घरी आले.
आजोबा ढीवर, जाळं टाकायचे.
यांनी मात्र तळ्यात कधी बोटही बुडवलं नव्हतं.
रिटायर झाल्याच्या आठव्या दिवशी म्हणाले,
‘खिंडसीला जाऊ, मरळ धरू.’
कोण जाऊ, ते नाही सांगितलं.

मे महिना. दिवसा पत्र्याला हात लावला
तर तव्यावरच्या भाकरीसारखा चटका.
म्हणून काम रात्री, जेवणं आटोपल्यावर.
रिव्हेटला दोन माणसं लागतात:
एक बाहेरून हातोडा मारणार,
एक आतून लोखंड टेकवून धरणार.
मी पालथ्या डोंगीखाली, मांडी घालून,
हातात खलबत्त्यातला बत्ता.
एकदा टकटक: धर.
दोनदा: पुढं सरक.
तीनदा: चहा.
लग्नाला चौतीस वर्षं झाली,
इतकं नीट बोलणं आमचं पहिल्यांदाच होत होतं.

जुन्या रिव्हेटांच्या भोकांतून
खांबावरचा दिवा आत यायचा,
माझ्या गाऊनवर चिल्लर सांडल्यासारखा.
रोज रात्री एकेक नाणं विझत गेलं.
शेवटी आत पूर्ण काळोख,
आणि मला वाटलं, हे बरं नाही झालं.

फळ्यांखाली थर्माकोल कोंबला, फ्रिजच्या खोक्यातला,
उलटली तरी बुडू नये म्हणून.
नळाच्या पाइपाचे तुकडे तिरपे कापले, गळाच्या काठ्यांसाठी.
आत आलेलं पाणी फेकायला कूलरचा पंप काढला,
आम्ही घामात.
एसटीच्या सीटचं हिरवं रेक्झिन, दोन सीटांपुरतं.
दोन.
एक यांची. दुसरी फकिराभाऊंची असणार,
ते गळाच्या गोष्टी फार सांगतात.
हाच हिशेब करत होते त्या रात्री, डोळा लागला,
बत्ता बोटभर सरकला.
बाहेर दोनदा टकटक झालं. मी पुढं सरकले.

नाव पाण्यात घालून गळती दिसत नाही,
पाणी नावेत घालून दिसते.
नळ एक दिवसाआड, आणि आम्ही अंगणात डोंगी भरतोय!
पराते काकू पदर खोचून फाटकात:
‘काऊन जी, पाणी जास्त झालं काय तुमच्याकडं?’
मी म्हटलं, तुमच्याही दोन बादल्या ओता,
संध्याकाळी मोजून परत न्या, झाडांना.
बडबडत गेल्या, तीन घेऊन आल्या.
मग गल्लीच आली, हंडे, टोपली, एकाची दुधाची बरणी.

हे खडू घेऊन खाली वाकले.
एक थेंब, गोल. दुसरा थेंब, गोल.
तिसरा उजवीकडं, फासळीला लागून.
तो माझा. मी ओळखला.
यांनीही ओळखला असावा,
गोल जरा जास्तच जपून काढला.

पाणी वर चढत होतं.
मागची सीट अजून कोरडी,
आणि पुढचीवर पाणी आलंसुद्धा.
मी म्हटलं, वाकडी बसवली की काय?
वाकून बघितलं, टेपनं मोजलं.
वाकडी नाही. चार बोटं खाली.
मुद्दाम.

एसटीत माझे पाय कधी टेकत नाहीत.
नागपूर ते रामटेक लोंबकळत जातात.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

फकिराभाऊ सहा फुटांचे आहेत.

मी काही विचारलं नाही.
भरल्या डोंगीच्या पत्र्यावर
बोटाच्या पेरानं तीनदा ठोकलं.
यांनी खडू खिशात घातला,
हात लुंगीला पुसले,
आणि चहा ठेवायला आत गेले.