प्लगची फट

परभणी, जिंतूर रोड. बाभळीखाली
चौपन्न सालची मॉरिस
खोकते, गप्प होते.

खय्यूम मिस्त्रीनं प्लग काढून
वायरीसकट इंजिनावर टेकवला.
"मारो स्टार्टर, वकीलसाब."
ठिणगी पिवळी, मरतुकडी.

पॉइंटची काजळी काचपेपरनं खरवडली,
कंडेन्सर बदलला,
मग खिशातून काढलं
पुठ्ठ्याचं रेल्वे तिकीट.
परभणी ते सिकंदराबाद.
कडा झिजलेल्या, भोक मात्र पडलेलं नाही.

प्लगच्या फटीत सरकवलं.
अडकलं नाही, सैलही नाही.
"इतनाच गॅप होना.
चिकटलं तर ठिणगी नाही,
लांब गेलं तरी नाही."

कोण होतं तिकडे,
मी विचारलं नाही.
तिकीट फडक्यानं पुसून
परत खिशात गेलं.

मॉरिस एका किल्लीत उठली.
किती झाले?
"कंडेन्सरचे तेवढे द्या," म्हणाला,
आणि बोनेट
हळू लावलं.